१७५ चा आकडा आणि बुधवारची मोजणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘११ सप्टेंबर २०२२ च्या रात्री मी पुण्यात बसून स्वीडनच्या निवडणुकीचे आकडे पाहत होतो. एक्झिट पोलमध्ये डावा गट पुढे होता, पहाटे उजवा गट पुढे गेला. मोजणी पूर्ण झाली नव्हती तरी बुधवारी पंतप्रधानांनी पराभव मान्य केला, आणि शेवटी पंतप्रधान झाला तो तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचा नेता. इतक्या अटीतटीच्या निवडणुकीत नेमकं काय पाहायचं?’

मी बरीच वर्षं स्वीडनमध्ये राहते. २०१४, २०१८ आणि २०२२ या तिन्ही निवडणुकांत मी मतदान केंद्रावर काम केलं. दिवसभर मतं स्वीकारायची आणि रात्री आठनंतर त्याच खोलीत, त्याच टेबलांवर ती हाताने मोजायची, असं हे काम असतं. त्यामुळे उत्तर देताना मी पडद्यावरच्या आकड्याकडून न जाता मोजणीच्या टेबलाकडून येणार आहे. तिथून पाहिलं की २०२२ च्या रात्रीतलं बरंचसं कोडं सुटतं.

आधी आपल्याकडची एक सवय बाजूला ठेवावी लागते. निकालाच्या दिवशी आपण ‘अमुक मतदारसंघात विसाव्या फेरीअखेर अमुक उमेदवार तीन हजारांनी पुढे’ अशा भाषेत विचार करतो. स्वीडनमध्ये अशी लढतच नसते. संसदेच्या, म्हणजे रिक्सदागच्या जागा ३४९. त्यातल्या ३१० जागा २९ मतदारसंघांत वाटलेल्या असतात, आणि उरलेल्या ३९ समतोलासाठी राखलेल्या असतात. देशभरात पक्षाला जेवढे टक्के मतं मिळाली, जवळजवळ तेवढ्याच टक्के जागा मिळाव्यात यासाठी या ३९ जागा शेवटी वाटतात. म्हणून उत्तरेच्या किरुनातलं मत आणि दक्षिणेच्या माल्मोतलं मत यांचं वजन सारखं. ‘कोणत्या जागा धोक्यात आहेत’ असा शोध घेत बसलात तर रात्र वाया जाईल. देशभरातली टक्केवारी हाच सगळा खेळ आहे.

२०२२ चे आकडे समोर ठेवू या. सोशल डेमोक्रॅट १०७ जागा, स्वीडन डेमोक्रॅट ७३, मॉडरेट ६८, डावा पक्ष २४, सेंटर २४, ख्रिश्चन डेमोक्रॅट १९, ग्रीन १८, लिबरल १६. तेव्हाच्या पंतप्रधान, सोशल डेमोक्रॅट माग्दालेना आंदेर्सोन यांच्या बाजूचे चार पक्ष (त्यांचा स्वतःचा, डावा, सेंटर आणि ग्रीन), म्हणजे डावा गट, मिळून १७३ आणि मॉडरेट पक्षाचे नेते उल्फ क्रिस्तेर्सोन यांच्या बाजूचे उरलेले चार, म्हणजे उजवा गट, मिळून १७६. मतांत सांगायचं तर ४८.९ टक्के विरुद्ध ४९.६ टक्के. एका टक्क्याहूनही कमी फरक. ८४ टक्क्यांहून जास्त लोकांनी मतदान केलेल्या देशात सरकार एवढ्या अंतरावर ठरलं.

पण माझ्या मते या निवडणुकीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा ४९.६ नव्हताच. तो होता ४.६. लिबरल पक्षाला मिळालेली ही टक्केवारी.

स्वीडनमध्ये संसदेत शिरायला देशभरात किमान ४ टक्के मतं लागतात. (एखाद्या मतदारसंघात १२ टक्के मिळाली तर तिथल्या जागांत वाटा मिळतो, पण ते क्वचितच कामी येतं.) ३४९ चे ४ टक्के म्हणजे साधारण १४ जागा. म्हणजे ४.१ टक्के मिळवणारा पक्ष आपल्या गटाला १४ जागा देतो आणि ३.९ टक्के मिळवणारा शून्य. त्याची सगळी मतं हिशेबातून निघून जातात आणि त्या जागा बाकीच्या सगळ्यांत, विरोधकांतसुद्धा वाटल्या जातात. २०२२ मध्ये दोन्ही गटांत फरक होता तीन जागांचा. लिबरल पक्ष उंबरठ्याच्या जेमतेम ०.६ टक्का वर राहिला म्हणून क्रिस्तेर्सोन पंतप्रधान झाले. तो खाली घसरला असता तर उजव्या गटाची १७६ ची गोष्टच उरली नसती आणि आंदेर्सोन आरामात टिकल्या असत्या.

त्या वर्षीच्या वसंतात तर सर्वेक्षणांत लिबरल पक्ष ४ टक्क्यांच्या बराच खाली होता. एप्रिलमध्ये अध्यक्षा न्यामको साबुनी पायउतार झाल्या, योहान पेर्सोन आले आणि पक्ष हळूहळू वर सरकला. त्यात स्वीडिश मतदारांच्या एका जुन्या सवयीचाही हात असावा असं मला वाटतं. इथे त्याला ‘कॉम्रेड चार टक्के’ म्हणतात. हा कॉम्रेड म्हणजे असा मतदार, जो मनाने मोठ्या पक्षाचा असतो, पण गटातला छोटा भिडू बुडू नये म्हणून आपलं मत त्याला उसनं देतो. चौकाचौकात पक्षांच्या छोट्या लाकडी झोपड्या उभ्या राहतात, तिथे कॉफी पीत लोक या हिशेबावर अगदी उघड बोलतात. म्हणून माझा पहिला सल्ला असा की पडद्यावर दोन गटांची बेरीज पाहण्याआधी सर्वांत खालचे तीन पक्ष पाहा. रात्रभर ते ४ च्या वर राहिले तर मगच बेरजेला अर्थ आहे.

आता एक्झिट पोलकडे येते. मतदान रात्री आठला संपतं. भारतात तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात. आठच्या ठोक्याला सार्वजनिक वाहिनी एसव्हीटी आपला अंदाज दाखवते. मत देऊन बाहेर पडणाऱ्यांकडून एक फॉर्म भरून घेतलेला असतो, त्यावरून तो काढतात. २०२२ मध्ये एसव्हीटी आणि खासगी वाहिनी टीव्ही४, दोघांच्याही अंदाजात आंदेर्सोन यांचा गट किंचित पुढे होता. अंदाज फार चुकला असं मी म्हणणार नाही. बहुतेक पक्षांचे टक्के एखाद्या टक्क्याच्या आत बरोबर होते. पण खरा फरकच एका टक्क्याहून कमी असेल तर अशा मोजमापाने विजेता सांगता येत नाही. एवढ्या चुरशीत एक्झिट पोलचा उपयोग एवढाच की कोण उंबरठ्याजवळ आहे आणि कोणता पक्ष अपेक्षेपेक्षा वर गेला आहे, ते कळतं. स्वीडन डेमोक्रॅट मॉडरेटांना मागे टाकून दुसऱ्या क्रमांकावर जाणार हे त्या अंदाजाने आठ वाजताच सांगितलं होतं, आणि तसंच झालं.

आठनंतर मतदान केंद्रावर काय होतं ते सांगते, कारण पडद्यावरचा आकडा का डुलतो हे तिथेच कळतं.

इथे यंत्र नाही. प्रत्येक पक्षाची वेगळी मतपत्रिका असते: संसदेसाठी पिवळी, नगरपालिकेसाठी पांढरी, प्रदेशासाठी निळी. तिन्ही निवडणुका एकाच दिवशी होतात. मतदार आडोशामागून मतपत्रिका उचलतो, पाकिटात घालतो, ओळखपत्र दाखवतो, यादीत त्याच्या नावावर खूण होते आणि पाकीट पेटीत जातं. आठ वाजता जे रांगेत उभे असतील त्यांना मत देता येतं. २०२२ मध्ये काही ठिकाणी रांगा आठच्या पुढेही चालू होत्या. मग दार लावून घेण्याऐवजी उघडंच ठेवतात, कारण मोजणी सार्वजनिक असते. आधी पिवळ्या मतपत्रिका मोजतात. पाकिटं उघडून पक्षानुसार गठ्ठे करायचे, एकाने मोजायचे, दुसऱ्याने पुन्हा मोजायचे, यादीतल्या खुणांशी बेरीज जुळवायची आणि मग आकडा फोनवरून कळवायचा. तो कळवला की देशाच्या निकालात आमच्या केंद्राची एक ओळ उमटते. अशी सहा हजारांहून जास्त केंद्रं आहेत.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, लहान केंद्रांची मोजणी लवकर आटोपते. तीनशे पाकिटं असलेलं खेड्यातलं केंद्र नऊलाच मोकळं होतं, शहरातल्या मोठ्या केंद्रावर आम्ही साडेदहालासुद्धा गठ्ठे बांधत असतो. म्हणून सुरुवातीची टक्केवारी म्हणजे देश नव्हे, तो लवकर मोजून झालेला देश आहे. २०२२ मध्ये तर शहर आणि छोटी गावं अगदी उलट्या दिशांना सरकत होती. स्टॉकहोममध्ये डावी बाजू वाढली, इतकी की शहराची सत्ताच त्यांच्याकडे गेली. छोट्या औद्योगिक गावांत मात्र स्वीडन डेमोक्रॅट जोरात वाढत होते. अशा वेळी नुसता एकूण टक्का पाहणारा माणूस फसतोच.

म्हणून अनुभवी लोक एकूण टक्का पाहतच नाहीत. ते पाहतात बदल. मोजून झालेल्या केंद्रांत चार वर्षांपूर्वी त्याच पक्षाला किती मिळाली होती आणि आज किती. निवडणूक प्राधिकरणाच्या निकालात प्रत्येक पक्षापुढे हा फरक अधिक-उणे चिन्हाने दिलेला असतो, आणि रात्रीच्या सगळ्या पानांत मी सर्वांत जास्त विश्वास त्या रकान्यावर ठेवते. पंधरा-वीस टक्के केंद्रं झाली की हा रकाना बऱ्यापैकी स्थिरावतो. एकूण टक्का मात्र मध्यरात्रीपर्यंत हलत राहतो.

एक सावधगिरी. हा बदल पक्षापक्षाचा पाहा, गटांचा पाहू नका. २०१८ मध्ये सेंटर पक्ष उजव्या आघाडीत होता, २०२२ मध्ये तो आंदेर्सोन यांच्या बाजूला होता. स्वीडन डेमोक्रॅटांना २०१८ मध्ये कोणीच जवळ करत नव्हतं, २०२२ मध्ये ते उजव्या बेरजेतले सर्वांत मोठे होते. त्यामुळे ‘उजवा गट चार वर्षांत इतका वाढला’ असं एखाद्या बातमीत वाचलंत तर त्यात मतदारांचं मन किती बदललं आणि पक्षांनी कुंपण किती बदललं, हे वेगळं करून पाहावं लागतं.

दुसरी गोष्ट आगाऊ मतांची. इथे मतदानाच्या अठरा दिवस आधीपासून ग्रंथालयात, बाजारपेठेत, कुठेही मत देता येतं आणि जवळजवळ निम्मे लोक तसं देतात. ती पाकिटं मतदाराच्या स्वतःच्या केंद्रावर रविवारी पोचवली जातात आणि तिथेच उघडली जातात. शिवाय आधी दिलेलं मत बदलण्याची सोय आहे. रविवारी स्वतः केंद्रावर या, पुन्हा मत द्या, म्हणजे आधीचं रद्द. २०१८ मध्ये एक आजोबा संध्याकाळी सातच्या सुमारास आले. ग्रंथालयात मत देऊन आठवडा झाला होता, पण शेवटची टीव्हीवरची चर्चा ऐकून त्यांचं मन पालटलं होतं. त्यांनी मत दिलं, यादीत खूण झाली. नंतर आगाऊ पाकिटं तपासताना त्यांच्या नावाचं पाकीट निघालं ते आम्ही न उघडताच बाजूला ठेवलं. आत कोणता पक्ष होता हे कोणालाच कळलं नाही, कळणारही नाही. ही सोय आहे म्हणूनच आगाऊ मतं मतदान संपण्याआधी मोजून ठेवता येत नाहीत, आणि म्हणूनच रात्र लांबते.

काही आगाऊ मतं मात्र रविवारपर्यंत योग्य केंद्रावर पोचतच नाहीत. शेवटच्या दिवशी दूरच्या गावात दिलेली, परदेशातून टपालाने किंवा दूतावासातून आलेली. ती बुधवारी नगरपालिकेत मोजतात. तुम्ही विचारलेला ‘बुधवार’ हाच. रविवारच्या रात्री फरक १७५ विरुद्ध १७४ इतका होता. एका जागेची आघाडी आणि बुधवारच्या पाकिटांची वाट पाहणारा देश. आमच्याकडचे अनेक जण ते तीन दिवस कामावर जात होते पण फोन हातातून सुटत नव्हता. बुधवारी ती मतं मोजली जाऊ लागली तशी उजव्या गटाची आघाडी वाढून १७६–१७३ झाली. परदेशी राहणाऱ्या स्वीडिश मतदारांचा कल सहसा उजवीकडे असतो, त्यामुळे डाव्या गटाला तिथून फार आशा नव्हतीच.

त्याच संध्याकाळी आंदेर्सोन यांनी पराभव मान्य केला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. ‘मोजणी संपण्याआधी राजीनामा का’ याचं उत्तर एवढंच की उरलेल्या मतांत निकाल फिरवण्याइतका दम राहिला नव्हता, आणि तो हिशेब त्यांच्या पक्षालाही येत होता. सोमवारपासून जिल्हा प्रशासनाकडे प्रत्येक मतपत्रिका पुन्हा तपासण्याचं कामही चालूच होतं. उमेदवाराच्या नावापुढे केलेल्या खुणाही तिथेच मोजतात, केंद्रावर आम्ही फक्त पक्ष मोजतो. अधिकृत निकाल आठवडाअखेर लागला.

या तपासणीला नुसती औपचारिकता समजू नका. २०१० च्या निवडणुकीत झालेल्या चुकांमुळे वेस्त्रा योतालांड प्रदेशात आणि एरेब्रू नगरपालिकेच्या एका मतदारसंघात मे २०११ मध्ये पुन्हा मतदान घ्यावं लागलं होतं. आमच्या प्रशिक्षणात त्याची आठवण दर वेळी निघते, आणि रात्री अकराला दमलेल्या हातांनी बेरीज तिसऱ्यांदा जुळवताना ती कामाला येते.

आता तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचा पंतप्रधान. यासाठी १७५ हा आकडा नीट समजला पाहिजे. ३४९ चं बहुमत १७५. पण स्वीडनमध्ये पंतप्रधान व्हायला १७५ जण बाजूने लागत नाहीत. फक्त १७५ जण विरोधात नसावेत. ज्याला संसदेचा बहुमताने नकार नाही तो पंतप्रधान. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी आंदेर्सोन पहिल्यांदा निवडल्या गेल्या तेव्हा त्यांच्या बाजूने ११७ मतं होती आणि विरोधात १७४. विरोधकांना एक मत कमी पडलं म्हणून त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. त्याच दिवशी ग्रीन पक्ष सरकारमधून बाहेर पडला, आंदेर्सोन यांनी राजीनामा दिला, आणि पाच दिवसांनी त्या पुन्हा निवडून आल्या. त्या वेळी बाजूने होते फक्त १०१. सर्वांत मोठा पक्ष कोण याला या हिशेबात फारसं स्थान नाही. कोणाला किती जण अडवणार नाहीत, हा प्रश्न आहे.

क्रिस्तेर्सोन यांना स्वीडन डेमोक्रॅटांच्या ७३ जणांनी पाठिंबा दिला, पण मंत्रिमंडळात त्यांना जागा मिळाली नाही. चार पक्षांचा करार १४ ऑक्टोबरला जाहीर झाला. वेस्तरोस शहराजवळच्या तिदो या वाड्याच्या नावाने तो ओळखला जातो. १७ ऑक्टोबरला संसदेत मतदान झालं: १७६ बाजूने, १७३ विरोधात. मतदारांनी जे वाटप केलं होतं तेच, एकही मत इकडचं तिकडे न होता. तीन जागांच्या बहुमतावर एकही खासदार फुटला नाही, हे आपल्याकडच्या वाचकाला सांगताना मला नेहमी थोडं थांबावं लागतं.

पण दर वेळी असं सरळ होत नाही. २०१८ मध्ये डाव्या गटाला १४४, उजव्या आघाडीला १४३ आणि स्वीडन डेमोक्रॅटांना ६२ जागा मिळाल्या. निवडणूक ९ सप्टेंबरला झाली आणि सोशल डेमोक्रॅट नेते स्टेफान ल्योव्हेन यांना संसदेने स्वीकारलं ते १८ जानेवारी २०१९ ला. १३१ दिवस. मधल्या काळात सभापती आंद्रेयास नोर्लेन यांनी आधी क्रिस्तेर्सोन यांचं नाव ठेवलं, ते पडलं. मग ल्योव्हेन यांचं ठेवलं, तेही पडलं. चार प्रस्ताव पडले की पुन्हा निवडणूक घ्यावी लागते, असा नियम आहे. तिसऱ्या खेपेला सेंटर आणि लिबरल यांनी आपली जुनी आघाडी सोडून वाट दिली: ११५ बाजूने, १५३ विरोधात, ७७ तटस्थ. १५३ हे १७५ पेक्षा कमी, म्हणून सरकार झालं. त्या निवडणुकीच्या रात्री जागून ज्यांनी ‘कोण जिंकलं’ असं विचारलं त्यांना उत्तर मिळायला चार महिन्यांहून जास्त काळ लागला.

आणि बरोबरी झाली तर? १९७३ मध्ये झाली होती. तेव्हा संसदेत ३५० जागा होत्या आणि निकाल लागला १७५–१७५. सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचं सरकार राहिलं, पण समसमान मतं पडलेले ठराव चिठ्ठ्या टाकून सुटू लागले. लोक तिला सोडतीची संसद म्हणत. १९७६ च्या निवडणुकीपासून एक जागा कमी करून ३४९ केल्या, ती आजतागायत तशीच आहे.

शेजारच्या डेन्मार्कमध्ये गणित वेगळं आहे: तिथे उंबरठा २ टक्के, जागा १७९ आणि बहुमत ९०. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान मेट्टे फ्रेडरिक्सन यांच्या लाल, म्हणजे डाव्या गटाला डेन्मार्कमध्ये ८७ जागा मिळाल्या आणि फॅरो बेटांची एक, ग्रीनलंडच्या दोन मिळून बरोबर ९० झाल्या. ते कळायला रात्र सरावी लागली. आणि ते काठावरचं बहुमत हातात असूनही त्यांनी डिसेंबरमध्ये गटाची सीमा ओलांडून व्हेन्स्त्रे आणि मॉडरेट (हा डेन्मार्कचा वेगळा पक्ष) यांच्याबरोबर सरकार केलं.

स्वीडनमधल्या मराठी माणसांकडून मला एक प्रश्न हमखास येतो, म्हणून इथेच सांगते. भारतीय पासपोर्ट ठेवून तुम्ही इथे राहत असाल आणि तीन वर्षं नोंदणीकृत रहिवासी असाल तर नगरपालिकेसाठी आणि प्रदेशासाठी तुम्हाला मत आहे. पांढरी आणि निळी मतपत्रिका तुमचीही आहे. पिवळी फक्त स्वीडिश नागरिकांची. दुहेरी नागरिकत्व भारत देत नाही, त्यामुळे पिवळ्या मतपत्रिकेसाठी भारताचं नागरिकत्व सोडावं लागतं. मी ते सोडलं, आणि तो निर्णय सोपा नव्हता. पण मुलांच्या शाळा, वृद्धांची सेवा, दवाखाने हे सगळं पांढऱ्या आणि निळ्या मतपत्रिकेवर ठरतं, आणि हक्क असूनही अनेक जण त्या दिवशी घरी बसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुण्यातून पाहणार असाल तर साडेअकराला एक्झिट पोल पाहा आणि झोपा. पहाटे चारला उठा, तोवर बहुतेक केंद्रं झालेली असतात. सर्वांत आधी ४ टक्क्यांजवळचे पक्ष, मग पक्षनिहाय बदलाचा रकाना, मग किती केंद्रं उरली आणि ती शहरातली की गावातली, आणि सर्वांत शेवटी गटांची बेरीज. बेरजेतला फरक दोन-तीन जागांचा असेल तर बुधवार संध्याकाळपर्यंत कोणाचंही अभिनंदन करू नका. आणि कधी सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी, निवडणुकीच्या वर्षी, स्वीडनमध्ये असलात तर रात्री आठला जवळच्या कोणत्याही मतदान केंद्रावर या. पास लागत नाही, ओळख लागत नाही. भिंतीशी उभे राहा आणि पिवळे गठ्ठे मोजताना पाहा.